जिथे पडली, तिथून

खेळाची मैदाने दोन प्रकारची असतात. एकात शिरताना आपण कोण हे सांगावे लागते. दुसऱ्यात खेळू लागल्यावर ते आपोआप कळते.

डिस्क गोल्फचे मैदान दुसऱ्या प्रकारचे. खेळ साधा आहे. गोल्फच्या चेंडूच्या जागी वीतभर रुंदीची प्लास्टिकची चकती. काठीच्या जागी स्वतःचा हात. जमिनीतल्या खळग्याच्या जागी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली, आणि तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या. चकती साखळ्यांवर आदळते, त्या तिचा जोर जिरवतात, ती खाली टोपलीत पडते. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची आणि पुढच्या टोपलीकडे चालू लागायचे. बहुतेक मोठ्या मैदानांवर अशा अठरा टोपल्या असतात. मधे झाडे, उतार, ओढे आणि इतर माणसे.

जगातली यांतली बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत आहेत. बहुतेकांवर खेळायला पैसे पडत नाहीत. ओळख लागत नाही. कोणी नाव विचारत नाही.

आमच्या खानदेशातल्या अमळनेरला असे मैदान नाही. अमळनेरची मुले मात्र जिथे ते आहे तिथे पोचली आहेत. १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्याने विप्रोची सुरुवात झाली. ते नाव पुढे संगणकाच्या धंद्यात जगभर गेले, आणि त्या धंद्यामागे घराघरांतली मुलेही गेली. त्यांचे आईवडील अधूनमधून तिकडे जातात. दिवसभर घर रिकामे असते. चालायला उद्यान असते. परक्या देशात उतारवयातल्या माणसाला सर्वांत आधी समजते ते उद्यान. तिथे भाषा फारशी लागत नाही. कोण कसा वागतो ते दिसत राहते.

*

एड हेड्रिक फ्रिस्बी तयार करणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत होते. चकती हवेत स्थिर राहावी म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर वर्तुळाकार कंगोरे घातले. त्याचे पेटंट १९६७ चे. तोवर लोक चकत्या झाडांवर, दिव्यांच्या खांबांवर नेम धरून फेकत होतेच. त्याच्याही कितीतरी आधी, १९२६ मध्ये, कॅनडातल्या ब्लॅडवर्थ या खेड्यातली शाळकरी मुले डब्यांची पत्र्याची झाकणे फेकून असाच खेळ खेळत होती. खेळ बहुधा मुलांना सापडतो. मोठी माणसे त्याला नियम देतात.

हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिले कायमचे मैदान आखले. सुरुवातीला तिथे नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावर वाद होत. वाद मिटावेत म्हणून त्यांनी साखळ्यांची टोपली केली. १९७७ साली तिचे पेटंट मिळाले.

वाद बहुतेक वेळा खोटेपणामुळे होत नाहीत. दोघांनाही आपापले खरे दिसलेले असते, म्हणून होतात. साखळीचा आवाज दोघांना एकच ऐकू येतो. माणसांना चांगले करण्यापेक्षा त्यांच्यामध्ये एक साखळी लोंबती ठेवणे सोपे आहे. शहाण्या माणसाने आधी सोपे ते करून पाहावे.

त्या उद्यानाला लागूनच जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे. मंगळावर फिरणाऱ्या गाड्या तिथे घडल्या. अमळनेरचा मंगळ देवळात आहे आणि त्याच्याकडे येणारी माणसे दूरदुरून येतात. यान असो, चकती असो, नवस असो; एकदा हातून सुटले की पुढे वाट पाहायची. सुटण्याआधी किती नीट केले, एवढेच आपल्याकडे उरते.

*

उजव्या हाताने छातीसमोरून ओढून फेकलेली चकती शेवटी डावीकडे वळते. वेग आणि फिरकी जोरात असतात तोवर ती सरळ जाते. वेग ओसरला की तिचा मूळचा कल उघडा पडतो.

माणसांचेही असेच पाहिले आहे. भर कामात असतात तेव्हा सगळे सरळ जाताना दिसतात. काम संपल्यावर कळते, कोण कुठे झुकलेला होता. सेवानिवृत्तीच्या दिवशी झालेली भाषणे म्हणून फार लवकर झालेली असतात.

सराईत खेळाडू हा कल मोडायला जात नाही. तो डाव्या वळणाचा हिशोब आधी करतो आणि चकती टोपलीच्या उजवीकडे सोडतो. नवखा टोपलीच्या दिशेने फेकतो आणि चकतीला दोष देतो. स्वतःच्या स्वभावाशी भांडण्यात आयुष्य घालवलेली माणसे थकलेली दिसतात. त्याचा हिशोब धरून दिशा निवडलेली माणसे शांत दिसतात. दोघांचे स्वभाव सारखेच वाईट असू शकतात.

नवी चकती हट्टी असते. झाडांवर, दगडांवर आपटून ती हळूहळू मऊ होते आणि अधिक सरळ उडू लागते. अशी जुनी चकती खेळाडू जपून ठेवतात, कारण ती दुकानात मिळत नाही. पण आपटणे आणखी वाढले की तीच चकती उलट्या दिशेला वळू लागते. टक्केटोणपे खाऊन माणूस घडतो हे खरे आहे. किती खाल्ल्यावर थांबायचे, हे ज्याच्या हातात नव्हते त्याचे काय झाले, तेही पाहायला हवे.

*

खेळाचा मूळ नियम एका ओळीचा आहे. चकती जिथे पडली, तिथूनच पुढची फेक.

ती काट्यात पडो, खडकाच्या आडोशाला पडो, टोपलीकडे पाठ असलेल्या झाडामागे पडो. तिच्या मागे २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब एवढी जागा नियम देतो. फेकताना एक पाय त्या जागेत टेकलेला हवा. एवढ्याशा जागेत खेळाडूची सगळी परिस्थिती मावते.

ही जागा नशिबाने दिलेली नसते. ती आपल्याच मागच्या फेकीने दिलेली असते. तरी तिच्याकडे पाहताना माणूस प्रथम वाऱ्याचे नाव घेतो. मग झाडाचे. मग मागून बोलणाऱ्या माणसाचे. हाताचे नाव शेवटी येते, आणि ते ज्याच्या तोंडून आधी आले तो पुढे चांगला खेळला असे बऱ्याचदा दिसते.

या नियमाला जोडून एक दुसरा आहे. समोर फांदी आली तर ती वाकवून धरायची नाही, मोडायची तर नाहीच. फांदी कमीत कमी हलेल अशा बेताने स्वतःलाच वाकायचे. फांदीचा दोष नसतो. ती आधीपासून तिथे होती. खेळणारा नंतर आला.

माणसाने रस्ता रुंद करताना, घर बांधताना, विहिरीवर मोटर बसवताना हाच नियम धरला असता तर खानदेशातल्या पुष्कळ बांधांवर आज निंब उभे असते. पण तिथे फेक मोजणारे कोणी नव्हते.

तिसरा नियम मला सर्वांत खोल वाटतो. टोपलीपासून दहा मीटरच्या आत आल्यावर फेक झाली की आपल्या जागेवर तोल सावरून दाखवावा लागतो. त्यानंतरच पुढे पाऊल टाकायचे. फेकीबरोबर टोपलीकडे झेपावलेले चालत नाही. ध्येय लांब असते तेव्हा धावून फेकायला परवानगी आहे. ते हाताच्या अंतरावर आले की थांबून दाखवावे लागते. दूर असताना बहुतेकांचा तोल चांगला असतो. जवळ पोचल्यावर जो ढळत नाही, तो विरळा.

*

क्रमही पाहण्यासारखा आहे. टोपलीपासून जो सर्वांत लांब, त्याने आधी फेकायचे. पुढे पोचलेल्यांनी उभे राहायचे.

हा नियम दयेतून आलेला नाही. मागच्याची चकती पुढच्याच्या पाठीत बसू नये म्हणून आला. पण त्यातून जे घडते ते दयेने क्वचित घडते. मागे राहिलेल्याला सगळे थांबून पाहतात. त्याच्या फेकीपर्यंत कोणी पुढे सरकत नाही. न्याय पुष्कळदा सोयीच्या पोटी जन्माला आला आहे. त्याने त्याची किंमत कमी होत नाही.

पंच नसतो. कोणी किती फेकी केल्या हे बरोबरचे खेळाडूच लिहितात. नियम मोडला तर त्यांनीच सांगायचे, किंवा मोडणाऱ्याने स्वतः. झाडीत गेलेल्या माणसाची एक फेक फक्त त्यालाच ठाऊक असते. तो बाहेर येतो आणि आकडा सांगतो. बाकीचे तो लिहून घेतात.

त्या क्षणी समाज म्हणजे काय ते मला समजल्यासारखे वाटले. सगळे पाहिलेले नसताना लिहून घेणे. त्याशिवाय कुठलेही बाजारपेठेचे गाव एक दिवस चालणार नाही.

खोटा आकडा सांगणारेही असतात. त्यांना मिळते काय, हा विचार केला तर वाईट वाटते. बक्षीस नसते. पाहणारे नसतात. मैत्रीतला सकाळचा खेळ असतो. तरी एक फेक कमी सांगितली जाते. जिथे लाभ काही नाही तिथला खोटेपणा गरजेतून येत नाही. तो माणसाने स्वतःविषयी तयार केलेल्या चित्रासाठी असतो. ते चित्र फार महाग पडते, आणि त्याचे हप्ते शेजारच्यांना भरावे लागतात.

*

मैदान लोकप्रिय झाले की त्याची परीक्षा सुरू होते. २०२० मध्ये साथीने घरे बंद केली. मोकळ्या हवेत, अंतर ठेवून खेळता येणारा हा खेळ त्या काळात झपाट्याने वाढला. ज्या उद्यानांत चार माणसे दिसत, तिथे रांगा लागू लागल्या.

गर्दीत प्रत्येकाला आपण सोडून बाकीचे गर्दी वाटतात.

गर्दीच्या मैदानाचा एक शिष्टाचार आहे. मागून येणारा गट वेगाने खेळत असेल तर पुढच्यांनी बाजूला व्हावे आणि हाताने खूण करून त्यांना जाऊ द्यावे. हरल्याची खूण म्हणून कोणी तिच्याकडे पाहत नाही. तरी काहींना ती जमत नाही. मागे कोणी नाही असे दाखवत ते आपली फेक लांबवत राहतात. घरातही हे पाहिले आहे, संस्थांतही. बाजूला होण्याची वेळ ओळखता न आलेल्या माणसाने आधी केलेले कामही हळूहळू लोकांना आठवेनासे होते.

मुंबईचे आझाद मैदान या बाबतीत जगाला काही शिकवू शकेल. तिथे बावीस खेळपट्ट्या आहेत आणि एकाच वेळी अनेक सामने चालतात. एका सामन्याच्या सीमेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या फलंदाजाजवळ उभा असतो. दोन चेंडू एकाच वेळी हवेत असतात, आणि प्रत्येकाला आपला ओळखू येतो. परक्या सामन्याचा चेंडू पायाशी आला की तो उचलून परत फेकतात. पाहुण्याला हा गोंधळ वाटतो. त्यात वाढलेल्याला तीच व्यवस्था वाटते. जागा अपुरी असली की माणसे भांडतात, असे म्हणतात. जागा अपुरी असली की माणसे एकमेकांकडे लक्ष देऊ लागतात, हेही तितकेच खरे आहे. कोणते घडेल हे जागेवर ठरत नाही.

झाडांचे मात्र वेगळे आहे. त्यांना बाजूला होता येत नाही. गर्दीच्या मैदानावर टोपलीच्या वाटेतल्या खोडांची साल पुढच्या बाजूने झिजते. टोपलीभोवतीचे गवत जाते, माती घट्ट होते, पावसाचे पाणी मुरेनासे होते, मुळे उघडी पडतात. खेळणाऱ्यांतल्या कोणीही झाडावर राग धरलेला नसतो. प्रत्येकाने एकेकदाच फेकलेले असते. सार्वजनिक वस्तूंचा नाश असाच होतो. त्याला गुन्हेगार सापडत नाही, कारण प्रत्येकाचा वाटा फार थोडा असतो.

यावर या खेळातल्या लोकांनी शोधलेला उपाय विचार करण्यासारखा आहे. एकेका टप्प्यावर टोपलीसाठी दोन-तीन जागा आखून ठेवतात आणि टोपली अधूनमधून हलवतात. एका जागेची माती थकली की दुसरीकडे. पहिलीला श्वास घ्यायला वेळ मिळतो. आमच्याकडे जमीन पडीक टाकण्याची रीत होती, ती याच शहाणपणाची. लोकप्रिय माणसांसाठी अशी सोय कोणी केलेली दिसत नाही. ती एकाच जागी उभी असतात आणि सगळे त्यांच्यावर नेम धरून येतात.

*

खेळाडू चकतीच्या पोटावर शाईने आपले नाव आणि फोन नंबर लिहितात. दोन्ही हरवण्याच्या भीतीने लिहिलेले असतात, पण त्यात ज्याला ती सापडेल त्याच्यावर विश्वासही असतो. झुडपात सापडलेली चकती उचलून, अनोळखी नंबरावर फोन करून ती परत देण्याची रीत आहे. सगळे पाळत नाहीत. पाळणारे इतके आहेत की रीत टिकली आहे.

स्पर्धेत हरवलेली चकती शोधायला तीन मिनिटे मिळतात. त्या वेळात बरोबरचे सगळे शोधायला लागतात. ज्यांना तिच्या हरवण्याचा फायदा होणार असतो, तेही वाकून गवत चाळतात. मिनिटे संपली की शोध थांबतो, एक फेक दंड म्हणून चढते, खेळ पुढे जातो. दुःखाला अशी मुदत देणारे नियम जुन्या माणसांनीही केले होते. दहावा, तेरावा ही मुदतच होती. तिच्यातले कर्मकांड सोडताना आम्ही मुदतही सोडली. आता शोध कधी थांबवावा हे ज्याचे त्याला ठरवावे लागते, आणि ते एकट्याने ठरवणे फार कठीण आहे.

*

अमळनेरला मोकळ्या जागेची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी. नदी ज्या दिवसांत आटते त्या दिवसांत माणसे तिचे पात्र भरतात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत तेच पात्र कोणाचेच नसते. एकच जागा काही दिवस सर्वांची आणि काही दिवस कोणाचीच नाही, हे आपल्या सार्वजनिकतेचे पूर्ण वर्णन आहे. सर्वांची असते तेव्हा तिला राखणारे पुष्कळ असतात. कोणाचीच नसते तेव्हा तिला राखील तो खरा धनी.

२०२४ च्या फेब्रुवारीत प्रताप महाविद्यालयाच्या मैदानावर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याच दिवसांत गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. दोन मांडव, एक गाव. माणसे इकडून तिकडे जात होती. मतभेद असलेल्यांना स्वतंत्र मैदान मिळाले आणि मधला रस्ता उघडा राहिला, तर गावाचे काही बिघडत नाही.

जागा मोकळी करणे हे एक काम आहे. ती मोकळी ठेवणे हे दुसरे. पहिल्याचा इतिहास लिहिला जातो.

साने गुरुजींनी दोन्ही केले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना उघडावे म्हणून त्यांनी उपोषण केले, आणि दार उघडले. हे सर्वांना माहीत आहे. त्याआधी, १९२४ ते १९३० या काळात, ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. मुले शाळेत गेल्यावर ते त्यांच्या खोल्या झाडत, पसरलेल्या कपड्यांच्या घड्या घालत. कोणाला बोलत नसत. काही दिवसांनी मुलांना आपलीच लाज वाटू लागली आणि खोल्या नीट राहू लागल्या. हे कमी सांगितले जाते. मला दुसरे काम पहिल्याची तयारी वाटते. ज्याने दुसऱ्याची खोली न सांगता झाडली आहे, त्यालाच दार उघडा असे म्हणण्याचा पूर्ण अधिकार पोचतो.

डिस्क गोल्फच्या मैदानांवरही असेच चालते. स्थानिक खेळाडू सुटीच्या दिवशी जमतात. वाटांवर लाकडाचा भुसा पसरतात, मुळे झाकतात, वाकलेली साखळी बदलतात, दुसऱ्यांनी टाकलेल्या बाटल्या उचलतात. नंतर येणाऱ्याला वाट फक्त चांगली दिसते. तिच्यामागचा माणूस त्याला दिसत नाही, आणि त्या माणसाचीही तशी अपेक्षा नसते.

*

प्रताप शेठ यांनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. कापडाच्या गिरणीत मिळालेला पैसा त्यांनी असा खर्च केला की लोकांनी येऊन बसावे आणि विचार करावा. त्यातून काय निघेल याची हमी त्यांनी मागितल्याचे दिसत नाही. पीक मोजण्याची सवय असलेल्या मुलखात हे घडले, म्हणून त्याचे मोल जास्त. देणारा हिशोब मागू लागला की दानाची गुंतवणूक होते. गुंतवणूक वाईट नाही. ती फक्त वेगळी गोष्ट आहे.

हेड्रिक यांचेही मोठेपण मला टोपलीत दिसत नाही. १९७६ साली त्यांनी व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना स्थापन केली. पहिला सभासद क्रमांक त्यांचा. काही वर्षांनी त्यांनी ती खेळाडूंच्या हाती सोपवली. आपण उभारलेले आपल्याशिवाय चालावे, असे पुष्कळ जण बोलतात. आपल्या डोळ्यांदेखत ते चालू देणारे थोडे.

२००२ साली ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून काही चकत्या बनवल्या गेल्या. आमच्याकडे रक्षा नदीत सोडतात. पाण्याने न्यावी, कुठे ते विचारू नये. त्या माणसाने आपली रक्षा हवेत सोडण्याची सोय करून ठेवली. कोणी तरी ती फेकेल, ती कुठे तरी पडेल, कोणी तरी वाकून उचलील. श्रद्धा कशाला म्हणावे याविषयी तत्त्वज्ञान मंदिरात खूप बोलले गेले असेल. ही गोष्टही त्या चर्चेत बसेल.

*

गोल्फ या देशात जुना आहे. कोलकात्याचा क्लब १८२९ चा. गोल्फला हिरवळ लागते, हिरवळीला पाणी लागते. खानदेशात पाण्याचा विषय निघाला की पुढचे बोलणे थांबते, आणि ते योग्यच आहे. चकतीच्या खेळाला आहे तीच जमीन चालते. ओबडधोबड असेल तर अधिक चांगली. निरुपयोगी म्हणून सोडलेल्या जमिनीचा उपयोग शोधणारे खेळ गरीब मुलखाला शोभतात.

अमळनेरला असे मैदान करायचे तर फार काही लागणार नाही. नऊ टोपल्या पुरतात. जगात नऊ टोपल्यांची मैदाने पुष्कळ आहेत. खांब, साखळी आणि टोपली गावातला वेल्डिंगवाला करू शकेल. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खांबाचा पाया खोल घ्यावा लागेल. नदीकाठ घेतला तर पुराच्या रेषेच्या वर राहावे. निंब, बाभूळ, बोर जिथे आहेत तिथेच ठेवावीत आणि फेकीच्या वाटा त्यांच्या बाजूने काढाव्यात. प्रत्येक टप्प्यावर दोन पाये आधीच घालून ठेवले तर टोपली हलवता येईल. सुरुवात शाळेच्या मुलांपासून करावी, मुलींना पहिल्या दिवसापासून बरोबर घेऊन, कारण या खेळात ताकदीपेक्षा फिरकी अधिक कामाला येते. चैत्र-वैशाखात सकाळी नवाच्या आत खेळ आटोपावा लागेल. आषाढात चिखल पायाला चिकटू लागला की मैदान काही आठवडे बंद ठेवावे आणि गवत उगवू द्यावे.